मानेतली गाठ आणि पहिल्या धारेची

काजूचे बोंडू आंबल्याचा वास लॅबच्या खिडकीतून आत आला, की मला ती बाटली आठवते. इथल्याच एका बागायतदाराच्या मानेत गाठ आली होती आणि घरच्यांनी कॅन्सरच धरला होता. सर्जनने गाठीचा तुकडा बाटलीत, मांस टिकवणाऱ्या फॉर्मेलिनमध्ये घालून माझ्याकडे तपासायला पाठवला. दुसऱ्या दिवशी बागायतदाराची बायको ती बाटली घेऊन आली. झाकण उघडलं तर दारूचा भपकारा. "डाक्टरानु, घराकडे बाटली कलांडली. मांस कुसात म्हणान ह्येंची पयल्या धारेची ओतलंय," ती म्हणाली. मी चिडलो, कारण तुकडा वाया गेला असता तर पुन्हा मान कापावी लागली असती. पण तो बरा टिकला होता. मायक्रोस्कोपखाली मोठमोठ्या पेशी दिसल्या आणि त्यांत स्नायूंना असतात तसे बारीक आडवे पट्टे. रॅब्डोमायोमा, म्हणजे स्नायूची निरुपद्रवी गाठ. तोवर मी ती फक्त पुस्तकात पाहिली होती, म्हणून स्लाईड एका जाणत्या डॉक्टरांना दाखवून खात्री केली. बाईला सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हणजे दारूमुळे झाली नाय? ता तेंका सांगू नकात." गाठ दारूमुळेच आली, या धास्तीने त्याने पिणं सोडलं होतं. रिपोर्ट न्यायला तो स्वतः आला, बायको मागे दारात उभी. "दारूमुळेच झाली मा?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "तुमची गाठ तपासायला घेतली तेव्हा दारूचा वास लॅबभर पसरला होता." त्याने मान खाली घातली. मी खोटं बोललो नव्हतो, असं अजून दर मोसमात स्वतःला बजावतो.