रस्त्यावरून जाणाऱ्या डॉक्टरीणबाई

कुणाच्याही खुराड्यापाशी गेल्या की बाई आधी पक्ष्याकडे बघायच्या नाहीत. भांड्यातलं मूठभर खाद्य तळहातावर पसरायच्या आणि हळूच फुंकायच्या. "पोटात काय जातंय ते कळू द्या, काका." तुम्हीही पाहिलं असेल त्यांना, पनवेलहून नेऱ्याकडे स्कूटरवर येताना, मागे औषधांची पेटी बांधलेली.

मी चौथीपर्यंत शिकलो, पण कोंबड्या जन्मभर पाळल्या. टर्कीची पिल्लं आणली तेव्हा गावात सांगून टाकलं, मला कुणी शिकवायचं नाही. बाईंनी पिल्लांचं खास खाद्य लिहून दिलं. मी आणलं, पिंपात ओतलं आणि त्यात निम्मी तांदळाची कणी घातली. आमच्याकडं पिल्लं कणीवरच वाढतात. एवढं जड खाद्य त्या चिमुकल्या पोटात पचणार कसं?

तिसऱ्या आठवड्यात पिल्लांची पिसं विरळ दिसू लागली. दोन पावलं टाकली की बसायची. रोज एखादं मरायचं. मला जेवण जाईना, पण बाईंना फोन करायला हातही उचलेना. शेवटी बायकोनं केला.

बाई आल्या, मूठभर खाद्य तळहातावर घेऊन फुंकर मारली. भुकटी उडाली, पांढरी कणी हातावर राहिली.

"ही कुणी घातली?"

"हिनं," मी म्हणालो.

बायको दारातच उभी होती. "मी? मना तर त्या पिंपाला हात पन लावू देत नाय तुमी."

बाई हसल्या नाहीत. तिथंच मातीत बसल्या. "काका, उलव्याच्या इमारती बघता ना? सिमेंट ढीगभर आणि सळई कमी, तर मजला चढेल? पिल्लाचं अंग प्रथिनांवर वाढतं आणि प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. त्यातली लायसिन आणि मिथिओनिन टर्कीच्या पिल्लाला जास्तच लागतात. ती कमी पडली की बाकीचं खाल्लेलं वाया. कणीत ती फारच थोडी."

"मंग माज्या कोंबड्या कशा वाढल्या?"

"त्या अंगणभर किडे वेचतात. आणि त्या कोंबड्या आहेत. टर्कीचं सगळंच वेगळं, तुमच्यासारखं."

राग आला. तरी पिंप मी कोंबड्यांपुढे रिकामं केलं. नुसतं टर्कीचं खाद्य सुरू केलं, वर उकडलेली अंडी कुस्करून.

मग रोज संध्याकाळी बाई यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "रस्त्यावरून जात होते." आमचा रस्ता आमच्या दारातच संपतो.

मरायचं थांबलं. पिसं भरली. एका सकाळी एक पिल्लू उडून खुराड्यावर बसलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो आणि फोनही मीच केला. "बाई, चढलं वर. आणि कणी मीच घातली होती."

"बरं झालं, बोललात. काकूंना सांगितलंत का?"

ते तेवढं राहिलंच.

पावसाळ्यानंतर बाईंची बदली झाली. निरोप घ्यायला आल्या, चहा उभ्यानंच घेतला. स्कूटर निघाली तशी सगळ्या टर्की कुंपणाच्या कडेनं त्यांच्याबरोबर धावत सुटल्या, जाळी संपेपर्यंत.