नसीम आणि अडलेला पोर्ट

नसीमच्या भावाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते आणि आमचा रुसलेला सर्व्हर नुकताच मार्गी लागला होता. “ताई गेली,” एवढंच तो म्हणाला. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? हे कसं सुटलं, ते तिला सांगायचं राहिलं... काही दिवसांपूर्वीच मी तिला दवाखान्यात भेटले होते. बोलताना धाप लागत होती. मी तब्येतीचं विचारलं, तर म्हणाली, “ते सोड गं. तिकडे काय अडलंय?” आणि डोळे लकाकले. अडलेलं काही ऐकलं की ते नेहमीच लकाकायचे.

नसीम बागवान आणि मी सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत बरोबरच लागलो आणि शेजारशेजारच्या टेबलांवर केस पिकवले. रुग्णालयं आणि रक्तपेढ्या जोडणारी यंत्रणा आम्ही जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिली होती. रुग्णालयाची मागणी एका मध्यवर्ती सर्व्हरमार्फत पेढ्यांकडे जाई. शोधाशोध झाली की उत्तर उलट आमच्याकडे येई. या उलट येणाऱ्या उत्तराला कॉलबॅक म्हणतात. ते घ्यायला आमचा प्रोग्रॅम एका ठरलेल्या पोर्टवर, म्हणजे आमच्या सर्व्हरच्या एका क्रमांक दिलेल्या दारापाशी, कान देऊन बसलेला असे.

एकदा सकाळी आम्ही प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवली आणि दुपारी येरवड्याच्या एका रुग्णालयातून फोन आला. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही, गट दुर्मीळ, मागणी कधीच पाठवली, पडद्यावर उत्तर नाही. मध्यवर्ती सर्व्हरवाले सांगत होते, उत्तर पाठवलंय आणि तुमच्याकडून पोचही आलीय. मजकूर मात्र त्यांना दिसत नव्हता. रुग्णालयातले लोक एकेका पेढीला फोन लावत बसले होते. आमचे साहेब, जोग, घामाघूम झाले. म्हणाले, “सगळं बंद करून परत चालू करा.”

“अहो सर, तेवढ्यासाठी आपण कशाला हवेत? जरा थांबा,” नसीम म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “पोच जातेय, म्हणजे कुणीतरी उत्तर घेतंय. आपण घेत नाही... मग घेतंय कोण?”

तिने त्या पोर्टवर कोण बसलंय ते पाहिलं आणि हसायलाच लागली. आमचीच जुनी आवृत्ती! ती नीट बंदच झाली नव्हती. एका पोर्टवर एकच प्रोग्रॅम बसू शकतो. नवीला जागा मिळाली नाही, तशी तक्रार तिने सुरू होताना नोंदींमध्ये एका ओळीत केली आणि पुढे कामाला लागली. ती ओळ आमच्यापैकी कुणीच वाचली नव्हती. उत्तरं येत होती ती जुनीकडे. मागण्या नवीने पाठवलेल्या, जुनीच्या ओळखीच्या नव्हत्या, म्हणून ती ती उत्तरं आपल्या मेमरीत नुसती धरून बसली होती. जोगांचं ऐकलं असतं तर सगळी पुसली गेली असती.

नसीमने मेमरी उपसायला घेतली. मी तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी. “सापडलं,” ती म्हणाली. स्वारगेटजवळच्या एका पेढीत त्या गटाच्या पिशव्या राखून ठेवल्या होत्या. तिने स्वतः रुग्णालयाला फोन लावला, पेढीचं नाव दोनदा सांगितलं, त्यांच्याकडून वदवून घेतलं. मग नव्या आवृत्तीला वेगळा पोर्ट दिला, उत्तरं आता इथे पाठवा म्हणून मध्यवर्ती सर्व्हरला कळवलं, आणि जुनीकडची सगळी उत्तरं ज्याची त्याला पोचल्यावरच तिला बंद केलं. संध्याकाळी रुग्णालयाचा फोन आला, आई आणि मुलगी दोघी सुखरूप. नसीमने भर ऑफिसात माझे दोन्ही हात धरून मला गरागरा फिरवलं. जोगसाहेबांनी चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ घातला नाही.

त्यानंतर तिने प्रोग्रॅममध्ये एक तपासणी लिहिली. पोर्ट आधीच कुणी घेतला असेल, तर नवी आवृत्ती पुढे जातच नाही. थांबते आणि पडद्यावर चक्क मराठीत सांगते. परवा, तिला जाऊन काही आठवडे झालेले असताना, मी एकटीच नवी आवृत्ती चढवत होते आणि ती अडली. काळ्या पडद्यावर नसीमची ओळ उमटली: ‘इथे आधीपासून कुणीतरी आहे. हाकलू नका, आधी त्याच्याकडे काय आहे ते बघा.’

मी खुर्ची पुढे ओढली आणि बघायला लागले.