वाळत नसलेली खळ

वर्णन: इसम, वय त्रेसष्ट, बांधा किरकोळ. उजव्या अंगठ्याला सुईचे घट्टे. व्यवसाय पुस्तकबांधणी, त्याआधी एकतीस वर्षं एका कार्यालयात आवक-जावक रजिस्टरांची बांधणी. साहित्याशी संबंध: बाहेरून. सवय: मजकूर न वाचणे. बाइंडरने पानांचे आकडे बघावेत, आतली भानगड वाचणाऱ्यांनी निस्तरावी, असं त्याचं मत होतं.

वाचनालयातल्या सहा जणांनी मिळून समुद्रावरच्या कवितांचं पुस्तक हातानेच करायचं ठरवलं, तेव्हा बांधणी आपसूक त्याच्याकडे आली. सहांतली एक त्याची थोरली बहीण होती. प्रती बारा. नियम एकच, सहांतल्याच मास्तरीणबाईंनी घातलेला: प्रत्येकाने आपली कविता बाराही प्रतींत स्वतःच्या हाताने लिहायची. नियमाला पंधरा दिवस झाले आणि ताईची उजवी बाजू गेली.

"डावा आहे ना," ताई म्हणाली. "आजवर नुसता बसून खात होता."

डाव्या हाताने एक पान लिहायला तिला आठवडा लागे. काना कलंडलेला, मात्रा रुसून माहेरी गेलेली. बाकी पाचांची पानं महिन्याभरात आली. पण शिवलेलं पान सपाट पडत नाही, आणि पान सपाट नसेल तर ताईला लिहिता येत नव्हतं. म्हणून त्याने सुईला हातच लावला नाही. उभ्या नोकरीत एक दिवस उशीर न केलेला माणूस थापा मारू लागला.

"पुठ्ठ्याची खळ वाळेना हो."

"दोन महिने?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "अहो, समुद्र आतल्या पानांत आहे. पुठ्ठा कशाने भिजला?"

"हवा दमट आहे."

बाहेर दोरीवरचा टॉवेल उन्हाने पुठ्ठ्यासारखा ताठ झाला होता. बाईंनी टॉवेलाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि चहा न घेता गेल्या.

शेवटी प्रकाशनाची तारीख ठरली. ताईला कुणी सांगितलं नव्हतं, तरी कळलंच.

"माझ्यावाचून अडलंय का रे?"

"छे. खळ वाळेना."

"मलाही तेच सांगणार?" ती म्हणाली, आणि नववं पान पुढ्यात ओढलं. ते पुरं केलं. मंगळवारी दुपारी गेली.

काही दिवसांनी मास्तरीणबाई आल्या. तीन पानं राहिल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. म्हणाल्या, "तीन प्रतींत पान कोरं राहू दे. नाहीतर मी लिहिते."

"नको. बाराही लिहून ठेवलीत तिने."

त्या गेल्यावर त्याने दार लावलं. उजव्या हाताने कविता रजिस्टरच्या मथळ्यासारखी टापटीप उतरली. तो कागद त्याने फाडला. मग पेन डाव्या हातात घेतलं. सरावात रद्दीचे सतरा कागद गेले. नक्कल करायची म्हणजे वाचणं आलंच. सहाव्या ओळीत एक पोरगा होता. लाटेला भिऊन बहिणीच्या फ्रॉकला लोंबकळत होता, आणि वर तिलाच सांगत होता, घाबरू नको, मी धरलंय तुला. ओळख पटवायला साक्षीदार लागला नाही. त्याचा हात 'धरलंय'पाशी थांबला, पेन कागदावर टेकलेलं राहिलं. पाहतो तर तिच्या नऊही पानांवर नेमका त्या शब्दापाशी शाईचा डाग होता. तेवढ्या डागाची नक्कल करावी लागली नाही.

पुस्तक वेळेवर शिवून झालं. अखेरच्या पानावर सर्वानुमते मजकूर घातला: 'एकूण प्रती बारा. सर्व कविता कवींच्या स्वहस्ताक्षरात, तपासून प्रमाणित.' खाली बांधणी करणाऱ्याची सही, उजव्या हाताची.

ताईने नऊ लिहिल्या होत्या.