सूर्य बुडायच्या आत

पनवेलहून इस्रायल किती लांब, असं कुणी विचारलं की मी बेधडक सांगायचे, विमानाला लागतो त्याहून जास्त वेळ सामान बांधायला लागतो. दादा तिकडे स्थायिक झाला तेव्हा हेच सांगून मी आईची समजूत घातली होती. पण दादा गेल्याचा फोन आला आणि तेच अंतर मला झेपेना. आम्हा ज्यू लोकांत मयत फार वेळ ठेवत नाहीत. त्यात दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सूर्य बुडाला की शब्बाथ, आमचा विश्रांतीचा वार, लागतो, मग माती देता येत नाही. भाचा म्हणाला, "आत्या, सूर्य बुडेपर्यंत थांबतो. पुढे माझ्या हातात नाही."

वाटेत विमान बदलायचं होतं आणि नेमकं दुसरं विमान रखडलं. मी सहसा घाबरणारी बाई नव्हे, पण ते एकदाचं उडालं तेव्हा माझा धीर सुटला होता. हातातलं घड्याळ पनवेलच्याच वेळेवर. पाहते तर आमच्या घरी शब्बाथचे दिवे लावायची वेळ होऊन गेलेली. संपलं, दादाला माती मिळाली, माझ्या हातची नाही. अडचणीत आम्ही एलियाहू हनाबी या आमच्या प्रेषिताला हाक मारतो, गोड पोह्यांचा मलिदा कबूल करतो. मी तर हक्काने नवस बोलणारी. त्या घटकेला मात्र काही मागावंसंच वाटलं नाही. देवा, तुझ्या मनात असेल तसं होऊ दे, एवढंच म्हणून डोळे मिटले. मन खरोखर शांत झालं.

शेजारी करंजा गावची एक कोळीण होती, तिकडे म्हाताऱ्यांची देखभाल करायच्या नोकरीवर निघालेली. माझी कहाणी तिने आधीच ऐकून घेतली होती. तिने खिडकीची झडप वर केली आणि माझ्या तोंडावर लख्ख ऊन आलं.

"मावशी, सूर्य हाय अजून," ती म्हणाली. "बुडला नाय."

पश्चिमेला दिवस उशिरा मावळतो, हे मला शाळेपासून ठाऊक. पण दुःखात मी पनवेलचाच सूर्य साऱ्या जगाला लावून बसले होते!

विमान टेकताच सगळे उठले. ती बाई मधल्या वाटेत आडवी उभी राहिली आणि खणखणीत मराठीत सगळ्यांना म्हणाली, "मावशीला भावाला माती द्याची हाय. तिला आदी जाऊ द्या." कुणाला काय कळलं देव जाणे, पण लोक बाजूला झाले.

दफनभूमी विमानतळाजवळच होती. ऊन तिरपं झालेलं, भाचा फाटकाशी उभा. मी माझ्या हाताने दादाला माती दिली. मग सगळ्यांची एकच धावपळ, कसेबसे घरी पोचलो आणि भाच्याच्या बायकोने दिवे लावले. शब्बाथला आम्ही उघड शोक करत नाही, म्हणून डोळे पुसून मी सगळ्यांबरोबर जेवायला बसले. देवाचे आभार मानताना दादाला परत मागितलं नाही. ज्याने मला दादापर्यंत पोचवलं, त्याच्याकडेच तर दादा गेला होता.