खळ्यात वाळवलेल्या कॅसेटी

आमचे बाबा मालवाहू बोटीवर नोकरीला होते. विलायतेच्या कुठल्याशा बंदरात त्यांनी दोन कॅसेटी घेतल्या, त्या रत्नागिरीत कायमचे येऊन राहिल्यावरही सोडल्या नाहीत. ढोल, बिगुल, भलाथोरला वाद्यवृंद आणि शंभरेक गोऱ्या गळ्यांतून त्यांच्या देशाचा, राणीचा नि समुद्राचा जयजयकार. रविवारी सकाळी बाबा ते मोठ्ठ्याने लावायचे आणि वरून स्वतः खर्जात गायचे. सगळे शब्द पाठ! कारगिलच्या वेळी तर शेजारचे काका कुंपणावरून ओरडले, "अहो, लढाई आपली चालल्येय आणि तुम्ही त्या राणीला काय ओवाळताय?" बाबा म्हणाले, "राणी गेली खड्ड्यात. खर्ज ऐका, खर्ज!" आईला इंग्रजीचं अक्षर कळत नसे. "झालं यांचं सुरू," एवढंच ती स्वयंपाकघरातून म्हणायची.

पुढच्या वर्षी शिमगा झाला आणि बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. नुसतं अं अं. डॉक्टर म्हणाले, "बोलता न येणारी माणसं कधीकधी पाठ असलेलं गाणं गातात. ऐकवून बघा."

कॅसेटी काढल्या तर त्यांवर पांढरी बुरशी. मी ऑफिसला गेले आणि आईने, बिचारीने, चांगल्या मनाने त्या पुसून दारच्या खळ्यात सुपात मांडल्या, आमसुलांच्या शेजारी. पावसाआधी आमच्याकडे गाद्यांपासून मिरच्यांपर्यंत सगळ्याला ऊन दाखवतात. तिने कॅसेटींनाही दाखवलं. वैशाखातलं ऊन ते! संध्याकाळी त्या पापडासारख्या वाकल्या होत्या. तशाच टेपमध्ये कोंबल्या, तर घरघर तेवढी आली. बाबांनी डोळे मिटून घेतले.

तेव्हापासून आई त्यांना भरवताना रोज विचारायची, "रागावलात का हो माझ्यावर?" बाबा नुसते बघायचे. आता त्या बघण्याचा काय अर्थ लावायचा? तिचं जेवणावरून मनच उडालं. मला तिची कीव यायची आणि चीडही यायची. "अगं, कॅसेटच ना ती!" म्हटलं की म्हणायची, "तुला नाही कळायचं. त्यांचं स्वतःचं असं तेवढंच होतं."

शेवटी भावाने मुंबईहून त्याच गाण्यांची सीडी धाडली. लावली. पहिलं गाणं नुसतंच गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर बाबांच्या तोंडून शब्द फुटले. इंग्रजी, स्वच्छ, खर्जात! आई पिठाच्या हातांनी धावत आली आणि खाटेपाशी खाली बसली. मी सीडी बंद केली.

"आता बोला," ती म्हणाली. "रागावलात का माझ्यावर?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे भरले, ओठ थरथरले. खूप प्रयत्न केला हो त्यांनी. आणि तोंडून आली ती गाण्याची पुढची ओळ.

"काय म्हणतायत गं?" आईने मला विचारलं.

"नाही रागावलो म्हणतायत," मी म्हटलं.

आईने पदर डोळ्यांना लावला. तिच्याकडे बघत बाबा राणीला उदंड आयुष्य मागत राहिले.