सुई कावून थरथरते?

ऐका, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. मी असा काही तोंडावर आपटलो की सांगतानाही कान गरम होतात माझे!

आमची लेक प्राजक्ता अकोल्याले दिलेली. तिले मुलगी झाली, आमची पहिली नात! डॉक्टर तिकडचे म्हणून बाळंतपण सासरीच झालं. आता मायलेकीले अमरावतीले माहेरी आणायचं होतं. कशात? आमच्या गाडीत! जुनी घेतली, पण टर्बोवाली. टर्बो म्हंजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंखा.

मले गाडीतलं काय कळते? काईच नाई! पण मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून मी अर्धा इंजिनिअर झालो होतो. एक जण सांगे, इंजिन आत हवा ओढते, त्या ओढीले व्हॅक्यूम म्हणतात. मीटर लावा. सुई स्थिर असली तर इंजिन धडधाकट, थरथरली तर कुठंतरी गळती.

झालं! मी मीटर मागवला. इंजिनापासून नळी खिडकीतून आत घेतली अन् मीटर आरशाले टांगला.

सकाळी आमच्या सुनंदाले ड्रायव्हरच्या जागी बसवलं. तिले गाडी चालवता येत नाई. काम एवढंच, सुई पाहायची अन् मले ओरडून सांगायचं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मी चाबी फिरवली, पुढं गेलो, बोनेट उघडलं अन् आत वाकलो. इंजिन थंड, आवाज मोठा.

"सांग!"

"अठरा... नाई, पंधरा... अठरा... अवं माय, पुन्हा पंधरा!"

म्हंजे गळती! पण इंजिन गरम झालं, आवाज उतरला, तशी सुई गुणी लेकरावानी अठरावर बसली. रोज सकाळी हेच! थंड असली की नाचते, गरम झाली की गप्प.

मी साबणाचं पाणी शिंपडलं. पाइप बदलून घेतले. मेकॅनिक वहीदभाई तर हात जोडाले लागले. "भाई, गाडी अच्छी है. जाओ, बच्ची को ले आओ!"

"गळतीच्या गाडीत नातीले बसवू?" मी त्याहिलेच दटावलं.

तिकडून लेकीचा फोन. "बाबा, कधी येता?"

"येतो ना बेटा, व्हॅक्यूम जरा..."

"बाबा, तुमाले पाहावं वाटत नाई का तिले?"

पण मी नातीसाठीच तर जीव टाकून राहिलो होतो! इकडं सुनंदानं डिंकाच्या लाडवाचा डबा भरून दारापाशी ठेवलेला. येता-जाता मले दिसावा म्हणून!

अन् एक दिवस चमत्कार झाला. सुनंदा बुद्धविहारात गेली होती. मी एकट्यानंच गाडी सुरू केली, अन् स्वतःच सुई पाहिली. इंजिन थंड, तरी सुई खिळा ठोकल्यासारखी! मी लेकीले फोन लावला, "उद्या निघतो!"

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी खात्री करावी म्हणून सुनंदाले बसवलं. अन् सुई पुन्हा नाचाले लागली!

मी डोकं लावलं. मी बसलो तर ठीक, ही बसली की बिघाड. म्हंजे?

"सुनंदा, रागावू नको हं. मले वाटते, तुया वजनानं खाली पाइप दबून राहिला."

"काय म्हटलं?"

दार असं आदळलं की मीटरही गडबडला असंन! "मी चालली बसनं अकोल्याले. तुमी अन् तुमची सुई नांदा सुखानं!"

लई हातापाया पडलो. बस इस्टँडवर सोडायचंही कबूल केलं. तवा कुठं शेवटचं एकदा बसली. इंजिन सुरू केलं अन् मी बोनेट उघडाले वाकलो. एरवी बोनेट उघडलं की आतलं माणूस दिसत नाई. पण तवा ते अजून बंद होतं, म्हणून काचेतून ती दिसली. दोन्ही हातानं स्टेअरिंग धरलेलं, ओठ दाबलेले, अन् सीटवरून अर्धी उठलेली.

मी धावत दारापाशी गेलो. पाहतो तर तिचा पाय ब्रेकवर!

"हे काय करून राहिली?"

"ब्रेक दाबून राहिली!"

"कावून? हँडब्रेक लावला हाये ना!"

"मले काय समजते तुमचा हँडब्रेक? थंडीची कशी गुरगुरते ते, अन् तुमी आपलं डोस्कं तिच्या तोंडात देता. पुढं सरकली म्हंजे? मले भेव वाटते, म्हणून मी घडीघडी दाबते. आवाज उतरला की धीर येते, मंग सोडते."

तवा कळलं. ब्रेक दाबला की तोही त्याच व्हॅक्यूममधून ओढ घेते. सुई पडणारच! मी रोज आत वाकून गळती शोधत होतो, अन् ही रोज आत बसून मले वाचवत होती. अन् मी तिले काय म्हणालो? वजन!

"चाल," मी म्हटलं. "डबा घे. मी चालवतो, तू बस बाजूले."

"वजन चालन का?"

अकोल्यापर्यंत तिनं हे तीनदा विचारलं.

तिथं नात मांडीवर घेतली, अन् तिनं माझं बोट असं घट्ट धरलं की मी सगळं विसरलो. पण लेक कुठं विसरते?

"आई, मंग गाडीतला बिघाड सापडला का?"

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं अन् म्हणे, "सापडला ना माय. तोच तर गाडी चालवत आला!"