बल्लारशाच्या किल्ल्यातली पंगत

नागपूरहून चांद्याला बदली झाली, त्या हिवाळ्यात कचेरीतल्या लोकांनी बल्लारशाचा किल्ला बघायचा बेत केला. व्यवस्था माझ्याकडे. चिवडा, सुरई, टॉर्च, जाजम सगळं जमवून रविवारी सकाळी मी स्टेशनावर गेलो. कोणीच आलं नाही. गाडी सुटायला झाली होती. म्हटलं, आपण पुढे व्हावं. बाकीचे दुपारच्या गाडीने येतील.

गोंड राजांचा तो किल्ला मी क्रमाने पाहिला. आधी दरवाजे, मग राणीमहाल, शेवटी नदीकडची बाजू. महालातल्या एका कमानीवरचं नक्षीकाम इतकं सुरेख होतं, की ‘हे बघितलंस का’ म्हणत मी मागे वळलो. मागे कोणी नव्हतं. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. चांद्यात हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. कोणी कीव करू नये म्हणून तसं ठरवूनच आलो होतो.

दरवाज्याच्या सावलीत सावली गावाकडचं एक शेतकरी कुटुंब जेवायला बसत होतं. म्हाताऱ्या बाईंनी मलाही बोलावलं. “भाऊ, मंडळी कुठी हायेत तुमची?”

मी म्हटलं, येतीलच मागच्या गाडीने.

त्यांनी पळसाच्या दोन पत्रावळी जोडून मांडल्या, दोन्हींवर भात वाढला, आणि सगळे हात आवरून बसले. म्हातारबुवा हसले. “नोकरीवाले मोठे लोक. घरवालीले मागच्या गाडीत बसवून येतेत.”

तेव्हा कुठे मला कळलं, की ते कोणत्या मंडळींची वाट बघत होते.

मी जेवून घ्यायचा आग्रह केला. बाई ऐकेनात. “बाईमाणूस उपाशी येईन न् आपण जेवून राह्यलो, बरं दिसते का?” नातवंडं भाताकडे बघत गप्प बसली होती. दुपारच्या गाडीला अजून बराच अवकाश होता. काहीतरी निमित्त सांगून सुटता आलं असतं, एकही सुचेना.

“ती येणार नाही,” मी म्हटलं. “मागच्या वर्षी गेली.”

बाईंनी दुसरी पत्रावळ उचलली, तिच्यावरचा भात माझ्या पानावर घातला आणि वरून वरण ओतलं.

“मंग तिच्या वाटचंबी तुमीच जेवा, भाऊ.”

भात फार होता. मी सावकाश, सगळा जेवलो.